तात्यांच्या डोक्यातला पाट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे पत्र साक्री तालुक्यातल्या, पांझरेच्या काठावरच्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे ३६ वर्षांचे आहेत, नाशिकला नोकरी करतात आणि दर पंधरा दिवसांनी गावी जातात. गावात फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी रीत, अजून थोडीफार चालू आहे. चार फडांपैकी दोन जुन्या शिस्तीने भिजतात, उरलेल्या दोन्हींत ज्याच्या-त्याच्या विहिरी झाल्या आहेत. त्यांचे थोरले चुलते तात्या, वय ७९, जवळजवळ पन्नास वर्षं गावाचे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना वाटून देणारे, होते. आता गुडघ्यांमुळे पाटावर जात नाहीत. "तात्या गेले की सगळं जाईल," या काळजीने यांनी महिनाभराची रजा काढली, कॅमेरा विकत घेतला, ८४ प्रश्नांची यादी केली आणि तात्यांना ओट्यावर बसवून मुलाखत सुरू केली. तात्या दोन दिवस बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कागदावर पाणी चालत नाही रे बाबा. आता पुरे." दोन पंचांनीही बजावलं की जुनी भांडणं उकरून काढू नका. सध्या पाटावर गावातला एक तरुण मजुरीने काम करतो, "पण त्याला फारसं काही माहीत नाही." प्रश्न असे: तात्यांना बोलतं कसं करायचं? पंचांचा विरोध असताना हे सगळं लिहून इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं करावं का? की आधीच उशीर झाला आहे?

उत्तर

आधी तात्यांच्या बाजूने बोलते. त्यांचं वाक्य तुम्हाला नकार वाटला. मला ते त्यांच्या कामाचं अचूक वर्णन वाटतं. पाटकरी म्हणजे पाण्याच्या बरोबरीने, आणि बरेचदा पाण्याच्या चार पावलं पुढे चालणारा माणूस. अशा माणसाला तुम्ही ओट्यावर खुर्ची दिली, समोर कॅमेरा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणीवाटपाचे नियम काय होते?" तरी ते दोन दिवस बोलले. पुतण्यावर माया असल्याशिवाय कुणी एवढं बोलत नाही.

ज्यांनी फड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर एकाखाली एक असे छोटे बंधारे आहेत आणि त्यांची परंपरा तीन-चारशे वर्षांची आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, कुठे दोन किलोमीटरचा तर कुठे बारा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, सारंगातून शेत. वापरून उरलेलं पाणी सांडव्यातून नाल्याला आणि पुन्हा नदीला मिळतं, म्हणजे खालच्या बंधाऱ्याच्या कामी येतं. गावाची बागायत जमीन साधारण चार फडांत वाटलेली असते आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचं. एखाददुसऱ्यात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं. पाऊस कमी पडला तर यंदा कोणते फड भिजवायचे आणि कोणता पडीक ठेवायचा हे गाव बसून ठरवतं. फडात सगळ्यांचं पीक एकच, म्हणून सगळ्यांची तहान सारखी, म्हणून पाणी मोजायला यंत्र लागत नाही. एवढी साधी आणि एवढी खोल कल्पना मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. ती चालवायला गावाने नेमलेली माणसं असत: पाटकरी, त्यांच्यावर हवालदार, शेतात पाणी धरणारा बारेकरी, पीक राखणारा जागल्या. त्यांचा मोबदला पूर्वी खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे.

मी आत्ता जे लिहिलं ते छापील पुस्तकांत आणि अभ्यासकांच्या लेखांत मिळतं. तुमच्या ८४ प्रश्नांपैकी बरेचसे याच माहितीचे आहेत. तात्यांनी ती सांगितली नाही तरी ती हरवणार नाही.

तात्यांकडे जे आहे ते वेगळं. पाटाच्या कोणत्या वळणावर गाळ साचतो आणि तिथे एक पाटी गाळ काढला नाही तर खालच्या चारीला किती उशिरा पाणी पोचतं. शेवटचा वाफा भरायच्या आधीच चारीचं तोंड बंद करायचं, कारण चारीत चाललेलं पाणी त्या वाफ्याला पुरतं. पण किती आधी, हे जमीन सपाट आहे की उताराची, आणि आधीची पाळी होऊन किती दिवस झाले यावर ठरतं. कोणत्या दोन भावांची पाळी एका रात्री लागू द्यायची नाही. पाळी चुकली तर आधी कुणाच्या दारात जाऊन सांगायचं. यातलं अर्धं ज्ञान पाण्याचं आहे आणि अर्धं माणसांचं, आणि ते वेगळं काढून दाखवा म्हटलं तर तात्यांनाही जमणार नाही.

तुमच्या पत्राच्या मुळाशी एक समजूत आहे, ती हळूच बाजूला काढून पाहू या. ज्ञान माणसाच्या डोक्यात साठलेलं असतं, माणूस जायच्या आत ते दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं की ते वाचलं, अशी ती समजूत. मीही वर्षानुवर्षं असंच मानत होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत काम करत होते तिथे आम्ही विहिरी बांधणाऱ्या जुन्या कारागिरांच्या मुलाखती घेतल्या. चाळीस कॅसेट भरल्या. मन लावून केलं होतं सगळ्यांनी. काही वर्षांनी एका गावात जुनी विहीर दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा मी त्या कॅसेट काढून ऐकल्या. म्हातारे गवंडी सांगत होते: "दगडावर हातोडी मारली की असा आवाज आला तर तो घ्यायचा, असा आला तर बाजूला टाकायचा." "इथपर्यंत आलं की थांबायचं." कॅसेटवर 'असा' म्हणजे कसा आणि 'इथपर्यंत' म्हणजे कुठपर्यंत, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. त्या मुलाखती घेताना आमच्याबरोबर एकही शिकाऊ गवंडी नव्हता. मला आजही त्याचं वाईट वाटतं. बोलणं उत्तम टिपलं गेलं होतं, पण ते ज्याच्या हातात जायला हवं होतं तो माणूस आम्ही बोलावलाच नव्हता.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडले. पत्र सहा पानांचं आहे. त्यात तात्यांबद्दल खूप आहे, बंधाऱ्याबद्दल आहे, कॅमेऱ्याबद्दलही अर्धं पान आहे. आणि पाटावर काम करणाऱ्या मुलाबद्दल एवढंच, की त्याला फारसं काही माहीत नाही.

हे तुम्ही कशावरून ठरवलं? रात्री दोन वाजता चारीचं तोंड आज तोच उघडतो. ऊन, चिखल, शिव्या तोच खातो. आजचं पाणी त्याने पाहिलंय, तात्यांनी नाही. नदीवर वरच्या अंगाला धरणं झाल्यापासून पाणी पूर्वीसारखं येत नाही, काठाने मोटारी बसल्या आहेत, दोन फडांत पिकांची सरमिसळ झाली आहे. या बदललेल्या पाटावरची दोन-चार वर्षांची माहिती त्या मुलाकडे आहे आणि ती तात्यांकडे नाही. तात्यांकडे पन्नास वर्षांची समज आहे जी त्याच्याकडे नाही. दोघं एका गावात राहतात. ते एकमेकांशी का बोलत नाहीत, हा मला तुमच्या ८४ प्रश्नांपेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

कारणं बरीच असू शकतील. कुणी त्यांना एकत्र बसवलंच नसेल. मुलाचं घर भूमिहीन असेल, वेगळ्या आळीतलं असेल, आणि तात्यांच्या ओट्यावर येऊन बसणं त्याला अवघड वाटत असेल. कदाचित तात्यांनाच वाटत असेल की मजुरीवरच्या पोराला काय शिकवायचं, तो उद्या सुरतेला निघून जाईल. ही शेवटची शंका अगदी खरी असू शकते, आणि तिचा ज्ञानाशी फार जवळचा संबंध आहे. जुन्या पाटकऱ्याला प्रत्येक खळ्यावरून धान्य मिळायचं. पीक चांगलं तर त्याची पाटी भरलेली. फडाच्या भल्यात त्याचंही भलं होतं आणि गावात त्याला मान होता. आजच्या मुलाला दिवसाची मजुरी मिळते, तीही हंगामापुरती. त्याने पाट मनापासून शिकावा असं कोणतं कारण गावाने त्याला दिलंय? माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या गावात हा प्रश्न निम्मा त्याच्या पगाराचा आहे. पंचांसमोर तुम्हाला एखादी गोष्ट मांडायची असेल तर कॅमेऱ्याच्या आधी ही मांडा: पाटकऱ्याला वर्षभराचं ठरलेलं मानधन, आणि तात्यांकडून शिकण्याच्या दिवसांची वेगळी मजुरी. तुमच्यासारखे बाहेर कमावणारे दहा जण मिळून हे सहज करू शकतात.

आता तात्यांना बोलतं करण्याबद्दल. त्यांना पाटावर न्या. गुडघे दुखतात, तर मोटारसायकलवरून न्या, बैलगाडीतून न्या, बांधावर सावलीला घोंगडी टाका. एका दिवसात सगळा पाट फिरायचा नाही. पावसाळ्यानंतर गाळ काढायला माणसं निघतात तेव्हा एकदा, हंगामाचं पहिलं पाणी सुटतं त्या दिवशी एकदा, एखाद्या रात्रीच्या पाळीला त्यांची तब्येत बघून, आणि पाणी उतरायला लागतं त्या दिवसांत एकदा. शेवटची फेरी चुकवू नका. पाणी भरपूर असतं तेव्हा कुणीही पाटकरी होतो. पाणी अपुरं पडतं तेव्हा तात्या काय बघतात, कुणाशी बोलतात, कुठे गप्प बसतात, ते खरं शिकण्यासारखं.

आणि प्रश्न तुम्ही विचारू नका. तो मुलगा विचारेल. किंवा त्याहून चांगलं, तात्या त्याला विचारतील: "आता तू काय करशील?" तो त्याच्या पद्धतीने करून दाखवील, तात्या कुठेतरी म्हणतील, "थांब, थांब." तुम्ही मागे वही घेऊन उभे राहा आणि ते 'थांब' जिथे आलं तेवढंच लिहा. कुठे, केव्हा, मुलगा काय करत होता, तात्यांनी काय बदललं आणि का. एका हंगामात अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या तरी त्या तुमच्या दोन दिवसांच्या चित्रीकरणापेक्षा कितीतरी मोलाच्या असतील. कॅमेरा हवा असेल तर हातांचं आणि पाण्याचं चित्रण करा, चेहऱ्याचं नंतर.

'नियम काय' या प्रश्नाने जुनी माणसं गोंधळतात, कारण नियम त्यांनी कधी नियम म्हणून पाठ केलेला नसतो. "पाट शेवटचा कुठे फुटला होता?" असं विचारलं की मात्र सगळं येतं: तो कोणत्या महिन्यात फुटला, उंदराचं बीळ होतं की खेकड्याचं, कुणाचा कांदा वाहून गेला, नुकसान कुणी आणि कसं भरून दिलं, त्यानंतर काय ठरलं. एका फुटीच्या गोष्टीत पाच नियम निघतील. चुकांबद्दल विचारा. ज्याने पन्नास वर्षं काम केलंय त्याला स्वतःच्या चुका सांगायला लाज वाटत नाही, फक्त ऐकणाऱ्याने त्या गावभर करू नयेत एवढीच अपेक्षा असते.

घरात तुमची मोठी आई आहे, असं पत्रावरून दिसतं. खळ्यावरून आलेलं धान्य कुणाकडून किती आलं, कुणाचं राहिलं, हे कुणाच्या लक्षात असायचं? मी पैज लावून सांगते, तात्यांच्या नाही. एक दुपार त्यांच्यापाशी बसा.

आणखी एक गोष्ट तात्यांना विचारायलाच हवी आणि ती विचारायला थोडं धाडस लागेल: त्यांनी शिकलेलं काय काय आता चालत नाही? जुन्या ज्ञानाबद्दल आदर असला की आपण ते जसंच्या तसं जपायला जातो. पण अमुक नक्षत्रापर्यंत बंधाऱ्यावरून पाणी सांडत असतं, अशा प्रकारची खूण पाणी वरच्या धरणातून सुटायला लागल्यावर फसवते. ती खूण वहीत राहिली आणि तिच्याशेजारी 'धरणाआधीची' एवढे शब्द नसले, तर पुढचा पाटकरी तिच्यावर विसंबून पीक घालवील. प्रत्येक नोंदीला तारीख हवी आणि ती कोणत्या काळातल्या पाण्याची आहे हेही हवं.

आता पंचांबद्दल. तुम्ही त्यांचा विरोध 'मागासलेपणा' म्हणून लिहिला आहे, तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. त्यांची भीती खरी आहे. पाण्याच्या भांडणाची तोड काढताना दोन्ही बाजू काहीतरी सोडतात, आणि पुढे तो विषय बोलायचा नाही या अटीवर सोडतात. तीस वर्षांपूर्वी कोण खोटं बोललं हे आज त्याच्या नातवाने मोबाइलवर वाचलं तर तीस वर्षांची शांतता एका संध्याकाळी मोडेल. गावाने काही गोष्टी विसरायच्या ठरवलेल्या असतात, आणि ते विसरणंही फड चालण्याचा भागच असतो.

तरीही भांडणांतून आलेलं शहाणपण टाकून चालणार नाही, कारण फडाचा खरा कायदा तिथेच घडला आहे. म्हणून पंचांना असं सुचवा: नावं नकोत, गट नंबर नकोत, साल नको; फक्त अडचण आणि तोड लिहू. 'वरच्याने रात्री तोंड फोडलं, खालच्याची पाळी बुडाली. पुढच्या फेरीत खालच्याला आधी पाणी दिलं आणि वरच्याने गाळ काढायला एक माणूस जास्त दिला.' एवढं पुरे. आणि लिहिलेलं प्रत्येक पान आधी पंचांना वाचून दाखवायचं. त्यांनी एखादं पान काढा म्हटलं तर वाद न घालता काढायचं. तुमचा हेतू चांगला असला तरी ती माहिती तुमच्या एकट्याची नाही. तात्यांची एकट्याचीही नाही.

असं ज्ञान न लिहिता टिकतं तेव्हा कशामुळे टिकतं, हेही बघण्यासारखं आहे. स्पेनमधल्या वलेन्सिया शहरात पाटाच्या पाण्याचं एक न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी १२ वाजता तिथल्या कॅथेड्रलच्या एका दरवाजासमोर, उघड्यावर, आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी बसतात. ते स्वतः शेतकरी असतात. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, निकाल तिथल्या तिथे. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून दखल घेतली. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर ते रस्त्यावर, सगळ्यांच्या कानांसमोर होतं. आजूबाजूला उभा असलेला विशीतला मुलगा निकालाबरोबर निकालाचं कारणही ऐकतो.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. तुमच्या गावातून आळंदी-पंढरीच्या वारीला कुणी जात असेल तर त्यांना समाजआरतीबद्दल विचारा. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाला सगळ्या दिंड्या जमतात, चोपदार दंड उंचावतात आणि हजारो माणसं क्षणात शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात, मार्ग काढतात आणि त्यानंतर आरती होते. वारीत पहिल्यांदा आलेल्या पोरालाही पहिल्याच मुक्कामाला कळतं की तक्रार कशी करायची, कुणाकडे करायची आणि ती ऐकली जाते. त्याला हे कुणी शिकवायला बसत नाही. ते रोज संध्याकाळी त्याच्यासमोर घडतं.

तुमच्या गावात फडाची बैठक अशी उघड्यावर, सगळ्यांसमोर शेवटची कधी झाली? पत्रात तुम्ही लिहिलंय की आता 'फोनवरच ठरतं'. मला वाटतं, तात्यांचं वय ७९ होण्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे. पावसाळा संपताना देवळासमोर एक बैठक, त्यात यंदाचे फड, पिकं, पाळ्यांचा क्रम मोठ्याने ठरवायचा, आणि का ठरवला तेही मोठ्याने सांगायचं. तात्यांना तिथे खुर्ची द्या. त्या बैठकीला शाळेतली आठवी-नववीची मुलं-मुली बसली तर फार बरं.

याचा अर्थ लिहू नका असा अजिबात नाही. लिहायला हवंच, आणि त्याचं एक अगदी व्यवहारी कारण आहे. गावातल्या गावात 'पहिल्यापासून असंच आहे' हे चालतं, कचेरीत चालत नाही. वरच्या धरणातून किती पाणी सोडायचं, नवा रस्ता पाटावरून न्यायचा की वळवायचा, असा प्रश्न आला की कागद मागतात. पाटबंधाऱ्यांच्या कायद्यात, इंग्रजांच्या १८७९ च्या कायद्यापासून पुढे १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यापर्यंत, अशा जुन्या बंधाऱ्यांसाठी 'दुसऱ्या वर्गाची कामं' असा वेगळा विभाग आहे आणि त्यात वहिवाटीच्या हक्कांची नोंद ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या बंधाऱ्याची अशी नोंद कधी झाली होती का, ती आज कुठे आहे, हे शोधणं नाशिकला राहणाऱ्या, अर्ज लिहिता येणाऱ्या, कचेरीत दोन खेटे घालू शकणाऱ्या माणसाचं काम आहे. म्हणजे तुमचं. तात्या ते करू शकणार नाहीत, तो मुलगाही नाही. तुमच्या महिनाभराच्या रजेतले चार दिवस यासाठी ठेवा.

मग काय काय लिहायचं? एक जाड, शिवलेली वही घ्या. पहिल्या पानांवर हाताने काढलेला पाटाचा नकाशा, त्यावर प्रत्येक वळणाचं, तोंडाचं, सांडव्याचं गावात चालणारं नाव. अहिराणीत जे नाव असेल तेच लिहा, त्याला प्रमाण मराठीची इस्त्री करू नका. ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी शेजारी अर्थ लिहिता येतो. पुढे 'थांब'च्या नोंदी. मग तोडी, पंचांनी मान्य केलेल्या. आणि उरलेली अर्धी वही कोरी. ती कोरी पानं त्या मुलाची आहेत. प्रत्येक हंगामाअखेर त्याने एक पान लिहायचं किंवा कुणाकडून लिहून घ्यायचं: यंदा पाणी कधी आलं, कधी उतरलं, कुठे फुटलं, काय नवं केलं. एक प्रत पाटकऱ्याकडे, एक शाळेत. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, जळलं-भिजलं तर असावेत म्हणून.

इंटरनेटचं म्हणाल तर आत्ता नको. नकाशा, शब्द आणि फडाची रचना पुढेमागे गावाच्या संमतीने जरूर सगळ्यांसमोर ठेवा; मोसम-आरमच्या काठच्या गावांना त्याचा उपयोग होईल. तोडींची पानं गावातच राहू द्या.

उशीर झालाय का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. दोन फड भिजत आहेत, तात्या बोलत आहेत, एक तरुण पाटावर आहे. अशी अवस्था आजच्या किती गावांच्या वाट्याला आहे? पण एक गोष्ट खोटी सांगणार नाही. तुमचे बाकीचे दोन फड लोक विसरले म्हणून मोडलेले नाहीत. विहीर झालेल्याला पाळीची गरज उरली नाही, कांद्याचा भाव दिसल्यावर एक-पीक शिस्त नकोशी झाली, म्हणून मोडले. कितीही सुंदर वही केली तरी ते दोन फड तिच्यामुळे परत येणार नाहीत. चालू असलेले दोन नीट चालले आणि विहिरी आटण्याच्या वर्षी त्यांचं पाणी पोचलं, तर बैठकीला चार माणसं जास्त येतील, एवढी आशा मला आहे.

याच महिन्यात एका पतसंस्थेच्या सचिवांचं आणि एका भजनी मंडळाच्या ताईंचंही पत्र आलं आहे. जुने लेखनिक निवृत्त होतायत, जुन्या पेटीवाल्यांना आता ऐकू येत नाही. दोघांची काळजी तुमच्यासारखीच. पतसंस्थेला माझं सांगणं असं: शेवटच्या आठवड्यात 'सगळं लिहून द्या' म्हणू नका. निवृत्तीच्या सहा महिने आधी त्या लेखनिकांना पंधरा दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवा. त्या पंधरा दिवसांत जिथे जिथे काम अडेल, ती तुमची यादी. ते परत आल्यावर त्या यादीवर नव्या माणसाला त्यांच्याशेजारी बसवा. भजनी मंडळाच्या ताईंनी आधी ठरवावं की पेटीवर पुढे कोण बसणार. त्या मुलीला उजव्या हाताला बसवलं की निम्मं काम झालं.

आणि तुमच्याशी, थोडं खाजगी. तुमच्या पत्रात घाई आहे. पंधरा दिवसांनी येणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी घरातलं माणूस थोडं जास्त म्हातारं झालेलं दिसतं. ती भीती मला ओळखीची आहे. तात्यांनाही ती तुमच्या डोळ्यांत दिसत असणार. कुणी आपल्याकडे 'जाण्याआधी' म्हणून बघतंय हे कळलं की माणूस गप्प होतो. तात्यांचा आवाज, त्यांच्या गोष्टी, त्यांचं हसणं तुम्हाला हवंय, आणि ते तुम्ही जरूर साठवा. संध्याकाळी अंगणात, चहा घेताना, फोन बाजूला ठेवून. ते तुमच्या घरासाठी आहे. पाटाची वही गावासाठी आहे. दोन्ही एकाच कॅमेऱ्यात भरायला गेलात म्हणून तात्या थकले.

गाळ काढायला माणसं निघतील त्या सकाळी मुलाला घेऊन तात्यांच्या दारात जा. त्याला ओट्याच्या खाली उभा ठेवू नका. पहिली फेरी झाली की मला लिहा, आणि त्या पत्रात त्या मुलाचं नाव लिहा. मी ते छापणार नाही, पण मला ते माहीत असायला हवं.